चकमकीनंतरची फाइल

चकमकीत माणूस मेला की पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातोच. मात्र वर्षानुवर्षं त्या गुन्ह्यात आरोपी असायचा तो मेलेला माणूस. भारतीय दंड संहितेचं कलम ३०७, पोलिसांना ठार मारण्याचा प्रयत्न. आरोपी मयत, सबब तपास बंद. गोळी कुणी झाडली आणि का, हा प्रश्न फाइलीत शिरतच नसे.

११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला. मुंबईतली पहिली नोंदलेली चकमक म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. नव्वदच्या दशकात खंडणी आणि टोळीयुद्ध बोकाळलं, तशी चकमक अपवाद राहिली नाही. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ हा शब्द रुळला आणि अधिकाऱ्यांच्या नावापुढे आकडे छापून येऊ लागले, फलंदाजाच्या धावा छापाव्यात तसे. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

कायदा मात्र तेव्हाही पुरेसा स्पष्ट होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४६ सांगत होतं की अटकेला विरोध झाला तर आवश्यक तेवढं बळ वापरा, पण मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा जीव घेण्याचा हक्क त्यातून मिळत नव्हता. त्यापलीकडे उरतं स्वसंरक्षण, आणि तो हक्क पोलिसाला तुमच्याआमच्याइतकाच आहे. तो खरोखर बजावला गेला का, हे तपासायचं कुणी, इथे घोडं अडतं. आपल्याकडे खटला भरायचा की नाही याचा निर्णय एका माणसाच्या हाती नाही. तो फिर्याद नोंदवणाऱ्यापासून मंत्रालयापर्यंत वाटला गेला आहे, आणि वाटेतल्या कुठल्याही टेबलावर फाइल थांबू शकते. न्यायालयात उभे राहणारे सहायक सरकारी वकीलही महाराष्ट्रात एके काळी पोलीस खात्याच्याच प्रशासकीय ताब्यात होते. १९९५ मध्ये शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची वेगळी यंत्रणा उभारायला सांगितलं.

सगळ्यात पक्कं कुलूप होतं १९७३ च्या त्याच संहितेतल्या कलम १९७ चं. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी लोकसेवकावर खटला चालवायचा तर सरकारची पूर्वपरवानगी हवी. हे कलम इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेतही होतं. कोठडीतली मारहाण कर्तव्यात मोडते का, हा वाद न्यायालयांत वारंवार होतो. तोवर परवानगीची फाइल मंत्रालयात असते. तिचं काय होतं ते ख्वाजा युनूस प्रकरणात दिसलं. डिसेंबर २००२ मधल्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर पकडलेला परभणीचा हा अभियंता जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या गाडीतून पळाला, असं सांगण्यात आलं. सीआयडीने मात्र त्याच्या कोठडीतल्या मृत्यूसाठी १४ पोलिसांना दोषी धरलं. सरकारने खटल्याला परवानगी दिली ती फक्त चौघांच्या बाबतीत. उरलेल्या दहांचं काय, यासाठी त्याच्या आईला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. २०१८ मध्ये खटला चालू असताना विशेष सरकारी वकिलांनी आणखी चार पोलिसांना आरोपी करण्याची मागणी केली. थोड्याच दिवसांत त्यांची नेमणूक रद्द झाली.

रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याचं प्रकरण शिक्षेपर्यंत पोहोचलं, ते यंत्रणेमुळे नव्हे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी त्याला वाशीतून उचललं आणि रात्री वर्सोव्यात चकमक दाखवली. त्याचा भाऊ वकील होता. भावाला पळवल्याच्या तारा आणि फॅक्स त्याने चकमकीची बातमी येण्याआधीच वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवल्या होत्या. त्या कागदांनी हा खटला जगवला. तरी दंडाधिकारी चौकशी आणि पुढे विशेष तपास पथक, दोन्हींसाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. मुख्य साक्षीदार २०११ मध्ये, साक्षीच्या तोंडावर, बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. जुलै २०१३ मध्ये २१ जण दोषी ठरले, त्यांत १३ पोलीस. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ म्हणून गाजलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा सुटले. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने त्यांनाही जन्मठेप सुनावली. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. मधल्या काळात, २०१५ मध्ये, सरकारने ११ दोषी पोलिसांची शिक्षा स्थगित केली होती. न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

दरम्यान सप्टेंबर २०१४ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ सूचना दिल्या. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, आणि चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. शेवटची सूचना द्यावी लागली, यातच त्या काळाचं चित्र आलं. १९७३ च्या संहितेच्या जागी २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत खटल्याच्या परवानगीला १२० दिवसांची मुदत आली. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर परवानगी दिली असं धरलं जाईल. नकार द्यायला मात्र तितकेच दिवस आहेत.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्रा बाह्यवळणावर पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तरी सरकार त्यांच्यावर गुन्हा नोंदवायला तयार नव्हतं. आईवडिलांनीही खटला पुढे न्यायचा नाही असं न्यायालयाला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तरीही विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे पथक कायम राहिलं. फक्त ते पोलीस महासंचालकांनी नेमावं, असं ठरलं.