अंदाजपत्रकाआधीचा प्रश्न : कोल्हापूरची हद्द

येत्या आर्थिक वर्षात पाणी आधी की रस्ते आधी, यावरची चर्चा दरवर्षी मागण्यांपासून सुरू होते. कोल्हापुरात मात्र प्राधान्यक्रम मागण्यांनी ठरत नाही, हाती उरलेल्या पैशाने ठरतो, आणि पैसा किती उरणार हे शहराच्या हद्दीशी जोडलेले आहे. १८५४ मध्ये नगरपालिका आणि डिसेंबर १९७२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. त्यानंतर ज्या घडामोडींनी आजचे अंदाजपत्रक घडवले, त्या बहुतेक गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या आहेत.

जकात होती तोवर नाक्यांवर रोज रोख रक्कम जमा होत असे. तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी तोही बंद झाला, आणि जुलै २०१७ पासून जीएसटीच्या बदल्यात राज्याकडून भरपाई मिळू लागली. २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरून तीत दरवर्षी आठ टक्के वाढ मिळते. ही रक्कम खात्रीची असली तरी पगार आणि पेन्शनमध्ये तिचा मोठा वाटा जातो. स्वतःच्या निर्णयाने वाढवता येईल असे उत्पन्न म्हणजे घरफाळा (घरपट्टी), पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क, आणि या तिन्हींची मर्यादा हद्दीपाशी येऊन थांबते.

पैसा नसताना रस्ते केले तर काय होते, हे शहराने टोलच्या निमित्ताने अनुभवले. सुमारे ५० किलोमीटरच्या रस्त्यांसाठी २२० कोटींचा प्रकल्प खासगी कंपनीला देऊन त्या मोबदल्यात तीस वर्षे टोल घेण्याचे ठरले होते. पेठापेठांतून माणसे रस्त्यावर उतरली आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. तो लढा न्याय्यच होता, पण रस्त्यांच्या देखभालीचा प्रश्न त्याने सुटला नाही.

‘हद्दवाढ’, म्हणजे आजूबाजूची गावे शहरात घेणे, या शब्दाचा गुंता मात्र आजही कायम आहे. शहराचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आहे. नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा दर्जा बदलला, पण हद्द तीच राहिली. त्यानंतर किती प्रस्ताव गेले, प्रत्येकात गावांची संख्या किती कमी-जास्त झाली, हे सांगताना जाणकारही अडखळतात. शहरातल्या माणसाला हद्दवाढ म्हणजे वाढते उत्पन्न, मोठ्या योजनांसाठी पात्रता आणि घरे बांधायला जागा वाटते. गावातल्या माणसाला त्याच शब्दात वाढीव घरफाळा, शेतजमिनीवर पडणारी आरक्षणे आणि हातची जाणारी ग्रामपंचायत दिसते. शहरातल्याच वस्त्यांना पुरेसे पाणी नसताना आम्हाला काय देणार, हा गावांचा प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही.

२०१६ मध्ये दोन्ही बाजूंची आंदोलने तापली आणि तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांचे नागरी विकास प्राधिकरण आले. येथेच गफलत झाली. प्राधिकरण नियोजन करते आणि बांधकामाला परवानगी देते, पण नळाला पाणी सोडत नाही, कचरा उचलत नाही आणि बसही चालवत नाही. हद्दवाढ आणि प्राधिकरण ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे असल्याचा समज तेव्हा रुजला तो रुजलाच, आणि मूळ निर्णय लांबणीवर पडला. पाचगाव किंवा कळंब्याच्या रस्त्याने गेल्यास शहर कुठे संपले हे इमारतींवरून कळत नाही. घंटागाडी जिथून मागे वळते तिथे ते कळते. त्या गावांकडे केएमटीची, म्हणजे महापालिकेच्या परिवहन सेवेची, बस जाते आणि तिचा तोटा महापालिकेच्या अंदाजपत्रकात पडतो.

पाण्याचा खर्चही याच तिजोरीवर आहे. नदीकाठच्या शिंगणापूर आणि बालिंगा उपसा केंद्रांवर अवलंबून असलेले शहर २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत, चहूबाजूंनी पाणी असताना, कित्येक दिवस टँकरच्या रांगेत उभे राहिले. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाइपलाइनला २०१३ मध्ये मंजुरी मिळाली होती, प्रत्यक्ष पाणी आले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. आता उपशाची वीज आणि शहरातल्या जुन्या वितरण नलिका यांचा भार दरवर्षी उचलावा लागणार आहे.

नेहमीच्या पद्धतीत आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, सोळा सदस्य त्यात फेरफार सुचवतात आणि अंतिम मंजुरी महासभा देते. सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपल्यावर मांडणारा आणि मंजूर करणारा एकच, म्हणजे प्रशासक, झाला. पाच वर्षे अंदाजपत्रके वेळेवर मंजूर झाली, पण अमुक गटार आधी का आणि तमुक नंतर का, हे विचारणारे कोणी समोर बसलेले नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये २० प्रभागांतील ८१ जागांसाठी मतदान झाले, तेही याच ६६.८२ चौरस किलोमीटरांत.