चित्रपट आणि कथाकथन : ख्रिस्ती दृष्टिकोन

कथेच्या आणि चित्रपटाच्या आध्यात्मिक आवाहनाविषयीचे ख्रिस्ती चिंतन मुख्यतः दोन आधारांवर उभे आहे : ‘शब्द देही झाला’ ही योहानाच्या शुभवर्तमानातील देहधारणेची श्रद्धा, आणि दाखल्यांतून, म्हणजे बोधकथांतून, शिकवण्याची येशूची रीत. ईश्वर मानवी देहात प्रकट झाला असे मानणाऱ्या धर्माला दृश्य प्रतिमा मुळात परकी नाही. तरीही मूर्तिपूजेच्या भयामुळे प्रतिमांविषयीचे वाद या परंपरेत पुन्हापुन्हा उफाळले. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेच्या बिशपने चर्चमधील प्रतिमा फोडल्या, तेव्हा निरक्षरांना चित्रे हाच ग्रंथ असतो, अशा आशयाचे पत्र पोप पहिला ग्रेगरी याने त्याला धाडले.

दाखल्याचे सामर्थ्य त्याच्या अपुरेपणात आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात बापाची संपत्ती उधळणारा धाकटा पुत्र घरी परततो व मेजवानी सुरू होते. शेतावरून आलेला थोरला भाऊ मात्र गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून रागाने दाराबाहेरच थांबतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो आणि गोष्ट तेथेच थांबते. तो आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही.

मराठी मुलखात या कथनाचा मोठा प्रयोग चित्रपटाच्या कितीतरी आधी झाला. पुराणश्रवणाची गोडी असलेल्या गोव्यातील नवख्रिस्ती समाजासाठी फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा मराठी ओव्यांत सांगणारे ख्रिस्तपुराण रचले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. उलट दिशेचा प्रवास दादासाहेब फाळके यांच्या बाबतीत घडला. १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहताना आपल्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ व अयोध्या उभी राहिली, असे त्यांनी पुढे लिहिले. राजा हरिश्चंद्र १९१३ मध्ये पडद्यावर आला. पडद्यावरील पवित्र कथेची ओढ एका धर्मापुरती नसते, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

चर्चची भूमिका आरंभी बरीचशी पहारेकऱ्याची होती. पोप अकरावा पायस याच्या १९३६ च्या परिपत्रात चित्रपटाच्या प्रभावाची जाण आहे, पण भर नैतिक दक्षतेवर आहे. खरे चिंतन पुढे फ्रान्समध्ये, विशेषतः समीक्षक आंद्रे बाझँ यांच्या लेखनात बहरले. हजारोंचा जमाव आणि दिपवणारे चमत्कार यांवर विसंबलेल्या भव्य बायबलपटांपेक्षा दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांचा, एका तरुण धर्मगुरूच्या रोजनिशीच्या रूपात लिहिलेल्या कादंबरीवर आधारलेला १९५१ चा चित्रपट या दृष्टीने अधिक मोलाचा ठरतो. त्यात मृत्यूचे दृश्यच नाही. पडद्यावर क्रुसाची केवळ छाया उरते, धर्मगुरूच्या अखेरच्या क्षणांविषयीचे पत्र वाचले जाते आणि सर्व काही कृपाच आहे, हे त्याचे शब्द ऐकू येतात. प्रेक्षकाला चमत्कार दाखवून पटवण्याऐवजी येथे त्याला दाखल्याच्या श्रोत्याप्रमाणे विश्वासाच्या उंबरठ्यावर आणून सोडले आहे.

धार्मिक विषय आणि धार्मिक आशय यांतील हा भेद संस्थात्मक पातळीवरही मान्य झाला. फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात कॅथलिक व प्रॉटेस्टंट संस्थांचे संयुक्त परीक्षक मंडळ १९७४ पासून पुरस्कार देते. पहिल्याच वर्षी या मंडळाने जर्मन दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडर यांच्या ज्या चित्रपटाची निवड केली, त्यात ख्रिस्तचरित्र नव्हते. एक वयस्क जर्मन सफाई कामगार स्त्री आणि तिच्याहून तरुण मोरोक्कन मजूर यांचा विवाह, आणि त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून व मुलांकडून मिळणारी वागणूक, हा त्याचा विषय होता.