डीप स्प्रिंग्ज कॉलेज : विद्यार्थिजीवन

डीप स्प्रिंग्ज कॉलेज हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील इन्यो परगण्यात १९१७ साली सुरू झालेले दोन वर्षांचे निवासी महाविद्यालय आहे. साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास, विज्ञान अशा विषयांच्या, कोणत्याही एका धंद्यासाठी न घडवणाऱ्या ज्या शिक्षणाला अमेरिकेत ‘लिबरल आर्ट्स’ म्हणतात, ते येथे दिले जाते. विद्यार्थी एका वेळी पंचवीस-तीसच असतात. त्यांच्याकडून शिकवणीची फी घेत नाहीत आणि राहण्या-जेवणाचाही पैसा घेत नाहीत. गोठा, शेती, गुरे आणि स्वयंपाकघर यांचे बरेचसे काम विद्यार्थीच करतात. प्रवेश कोणाला द्यायचा आणि प्राध्यापक कोणाला नेमायचे, हे ठरवण्यातही त्यांचे मत मोजले जाते.

कॉलेज ज्या खोऱ्यात आहे ते समुद्रसपाटीपासून सुमारे पंधराशे मीटर उंचीवर आहे. पश्चिमेकडची सिएरा नेवाडाची रांग ढग अडवते आणि पलीकडे कोरडा वारा तेवढा येतो. माण-खटावकडच्या माणसाला पर्जन्यछाया म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इथे मात्र ती इतकी दाट, की ओढ्याचे पाणी फिरवले नाही तर घासाची काडी उगवणार नाही. खोऱ्याच्या तळाशी एक खारे तळे आहे. त्याच्या आसपासच्या झऱ्यांत काळ्या भेकाची एक जात राहते, ती जगात दुसरीकडे कुठे नैसर्गिकरीत्या सापडत नाही. वरच्या व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाइनची झाडे आहेत, त्यांतली काही साडेचार हजार वर्षांहून जुनी आहेत. खोऱ्यात कॉलेजशिवाय मनुष्यवस्ती जवळपास नाहीच, फक्त रस्ते विभागाचे एक ठाणे आहे. बाजारहाटासाठी घाट ओलांडून बिग पाइन किंवा त्यापुढचे बिशप गाठावे लागते.

संस्थापक लुसियन लुसियस नन (१८५३–१९२५) हा पेशाने वकील, पण नाव कमावले ते विजेच्या धंद्यात. कोलोरॅडोत टेल्युराइडजवळ एम्स येथे त्याने १८९१ साली जलविद्युत केंद्र उभारले आणि सुमारे चार किलोमीटरवरच्या खाणीला प्रत्यावर्ती (एसी) विद्युतप्रवाह पुरवला. उद्योगासाठी असा प्रवाह वापरण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी हा एक होता. तारा आणि यंत्रे सांभाळायला शिकलेली माणसे मिळत नव्हती, म्हणून ननने तरुण पोरे हाताशी धरली. दिवसा केंद्रावर काम आणि उरलेल्या वेळात अभ्यास, असा त्यांचा क्रम त्याने लावून दिला. पुढे धंदा सुटला तरी हे वेड सुटले नाही. १९११ साली त्याने टेल्युराइड असोसिएशन ही शैक्षणिक संस्था स्थापन केली आणि सहा वर्षांनी वाळवंटातली ही गुरांची वाडी कॉलेजसाठी घेतली. विश्वस्तपत्रात विद्यार्थ्यांना त्याने संस्थेचे लाभार्थी मालक म्हटले, म्हणजे ज्यांच्या हितासाठी विश्वस्त ती सांभाळतात ते. कायद्याच्या कागदात हा शब्द घालणारा माणूस वकील होता, हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेच उलगडते.

श्रम, अभ्यास आणि स्वशासन हे कॉलेजचे तीन आधार मानले जातात. माहितीपत्रकात ते शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने बसतात. विद्यार्थ्यांच्या दिवसात मात्र ते एकमेकांच्या पायात येतात, आणि इथला खरा अनुभव त्या ओढाताणीतच आहे.

दर विद्यार्थ्याला आठवड्याला किमान वीस तास काम असते. कामे कोणाला कोणती, हे विद्यार्थ्यांनीच निवडलेला ‘लेबर कमिशनर’ ठरवतो. बोलीत त्याला नुसते ‘लॅबकॉम’ म्हणतात. मित्रालाच महिनोन्‌महिने खरकटी भांडी देण्याची वेळ त्याच्यावर येते, त्यामुळे हे पद मानाचे आणि वैताग आणणारेही आहे. वाडीचा व्यवस्थापक, शेतीचा प्रमुख, आचारी, मेकॅनिक अशी थोडी पगारी माणसे असतात. ती काम शिकवतात, पण मुलांच्या वाट्याचे काम करत नाहीत.

सर्वांत जास्त बोलले जाते ते गोठ्याबद्दल. ज्याच्याकडे धारा असतात तो उजाडायच्या आत उठतो. हिवाळ्यात त्या उंचीवर पाणी गोठलेले असते. कास धुवायला कोमट पाणी न्यावे लागते आणि थंडीने आखडलेले बोट गाईला आवडत नाही. शहरात वाढलेल्या मुलाला पहिले काही दिवस पान्हा सुटेपर्यंत थांबण्याचाही धीर नसतो. तो घाई करतो, गाय लाथ मारते आणि दूध मातीत जाते. ते दूध सकाळी सगळ्यांच्या टेबलावर यायचे होते, हे सर्वांना ठाऊक असते. दुपारी वर्गात हेगेल या जर्मन तत्त्वज्ञावर कितीही बिनतोड बोलला, तरी सकाळचे भांडे रिकामे होते ही गोष्ट मिटत नाही. संध्याकाळी पुन्हा धारा असतातच. गाईला सुटी नसते, त्यामुळे परीक्षेचे, आजारपणाचे किंवा प्रेमभंगाचे कारण सांगायचे असेल तर आधी बदली माणूस शोधावा लागतो.

शेतात मुख्य पीक अल्फाल्फाचे, म्हणजे आपल्याकडच्या लसूणघासाचे. पाण्याच्या पाळ्या, तुषार सिंचनाच्या लांब नळ्या सरकवणे, कापणी, गठ्ठे बांधणे आणि रचणे ही उन्हाळ्याची कामे. मांसासाठीची गुरे उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात नेतात, आणि त्यांच्याबरोबर एक-दोन विद्यार्थी घोड्यावरून जाऊन तिथेच मुक्कामाला राहतात. त्यांना गुराखी म्हणणे शब्दशः बरोबर आहे. पण ‘काउबॉय’ या नेमणुकीभोवती इथे जे वलय आहे ते त्या शब्दात मावत नाही, आणि तिच्यासाठी चुरसही असते. वासरांना डाग देणे, कुंपणाच्या तारा ओढणे, खाण्यासाठी जनावर कापणे हीही विद्यार्थ्यांचीच कामे. आयुष्यभर शाकाहारी राहिलेला मुलगा इथे येऊन सुरी हाती घेतो, तसा मांसाहारी मुलगा पहिल्याच वेळी बाजूला होतो, असेही घडते.

मराठी वाचकाला इथे कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ आठवेल. रयत शिक्षण संस्था १९१९ सालची, म्हणजे काळही जवळजवळ तोच. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि साम्यही वरवरचे आहे. रयतेच्या वसतिगृहातला मुलगा काम करत होता ते घरी पैसा नव्हता म्हणून. त्याच्या श्रमातून शिक्षणाचा दरवाजा उघडत होता. डीप स्प्रिंग्जला येणाऱ्या बहुतेक मुलांना मोठ्या विद्यापीठांची दारे आधीच उघडी असतात. पुढे अधिकाराच्या जागी बसणाऱ्याने आधी दुसऱ्याच्या पोटाची जबाबदारी अंगावर घ्यावी, हा ननचा हेतू होता. त्यात उदात्तपणा आहे, आणि निवडक मुलांतून नेते घडवण्याचा थोडा उमरावी थाटही आहे. इथल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच या थाटावर वर्षानुवर्षे वाद घातला आहे.

वर्ग लहान असतात, कधी चार-पाच जणांचे. ठराविक वाचन न करता आलेल्याला लपायला मागची बाक नसते. सक्तीचे विषय मोजकेच आहेत. पहिल्या उन्हाळ्यात सर्वांनी मिळून घ्यायचे एक चर्चासत्र, लेखन आणि वक्तृत्व. वक्तृत्वासाठी दर आठवड्याला सगळे एकत्र जमतात आणि पाळीने भाषणे होतात. बाकी कोणते विषय शिकवले जावेत यात विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रम समितीचा वाटा असतो. त्यामुळे एका वर्षी जीवशास्त्र जोरात असेल, तर दुसऱ्या वर्षी त्याला शिक्षकच नसेल. ठरलेल्या क्रमाने विज्ञान शिकू पाहणाऱ्याची इथे अडचण होते.

स्वशासन ऐकायला गोड वाटते, प्रत्यक्षात ते बैठकांचे काम आहे. सर्व विद्यार्थ्यांच्या सभेला ‘स्टुडंट बॉडी’, थोडक्यात ‘एस.बी.’ म्हणतात. तिच्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालतात. इंटरनेट कुठे आणि किती वापरावे, इथपासून कोणाच्या वागण्याबद्दल काय करायचे इथपर्यंत सगळे तिथे येते. सत्राच्या काळात दारू व मादक पदार्थ वर्ज्य आहेत आणि खोरे सोडून जायचे नाही, हे नियम मुलांवर वरून कोणी पहारा ठेवून पाळून घेत नाही, एस.बी.च पाळते. दवाखाना, धर्मकार्य किंवा कॉलेजचे काम यांसाठी बाहेर पडता येते.

प्रवेशाचे अर्ज विद्यार्थी वाचतात. भरपूर निबंध मागवले जातात आणि दुसऱ्या फेरीतल्या उमेदवारांना काही दिवस मुक्कामाला बोलावून वर्गात बसवतात, कामालाही लावतात. कठीण भाग त्यानंतरचा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा बोलवायचे की नाही, याचा विचार करणारी समिती विद्यार्थ्यांचीच असते, आणि प्राध्यापकांच्या मुदतवाढीचा विचारही तीच करते. ज्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचे, एका गोठ्यात राबायचे, त्याच्याविषयी लेखी मत द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच शेजारी बसायचे! पंचवीस माणसांत तोंड चुकवायला जागा नसते. एकटेपणा आणि एकांताचा अभाव ही दोन्ही दुखणी इथे एकाच वेळी होतात. विश्वस्त मंडळातही दोन विद्यार्थी पूर्ण मताधिकाराने बसतात.

शंभर वर्षे हे कॉलेज फक्त मुलांचे होते, कारण विश्वस्तपत्रात ‘होतकरू तरुण पुरुष’ असे शब्द होते. मुलींना घ्यावे की नाही हा वाद विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांनी घातला. २०११ साली विश्वस्तांनी मुलींच्या बाजूने ठराव केला, तेव्हा विरोधातले विश्वस्त न्यायालयात गेले. २०१७ साली अपील न्यायालयाने विश्वस्तपत्रातील बदल मान्य केला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात मुलींची पहिली तुकडी खोऱ्यात आली. वकिलाने लिहिलेला एक शब्द बदलायला सात वर्षे लागली.

दोन वर्षांनंतर बहुतेक जण पदवी पुरी करायला दुसरीकडे जातात. हार्वर्ड, येल, शिकागो, कॉर्नेल ही नेहमीची नावे. माजी विद्यार्थ्यांत कादंबरीकार विल्यम व्होलमन, पुलित्झर मिळालेले समीक्षक फिलिप केनिकॉट आणि नेटअ‍ॅप या संगणकीय माहिती साठवण्याच्या धंद्यातल्या कंपनीचे एक संस्थापक डेव्हिड हिट्झ आहेत. अलास्कातील सिटका येथील ‘आउटर कोस्ट’ हा उपक्रम याच धर्तीवर उभा राहिला आहे.

उन्हाळ्यात जुनी तुकडी निघते आणि नवी येते. वाडीचे काम मात्र त्या दिवसांत ऐन भरात असते, घास कापणीला आलेला असतो, त्यामुळे शिकवायला निवांत वेळ मिळत नाही. वर्षापूर्वी गाईच्या कोणत्या बाजूला बसायचे हे ज्याला ठाऊक नव्हते, तोच पहाटे नव्या मुलाला उठवतो आणि पाणी कोमट आहे ना ते बोट घालून पाहायला सांगतो.