लशीनंतरचा हृदयदाह : सरासरीत हरवलेली तरुण मुलं

डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेने आपल्या सैनिकांना देवीची लस टोचायला सुरुवात केली. देवीचं जगातून उच्चाटन झाल्याचं १९८० मध्येच जाहीर झालं होतं. आता भीती होती ती जैविक हल्ल्याची. पुढच्या काही महिन्यांत, ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्या सुमारे २ लाख ३० हजार सैनिकांपैकी १८ जणांना हृदयाच्या स्नायूचा आणि आवरणाचा दाह झाल्याची नोंद झाली. धडधाकट तरुण पुरुष, लशीनंतर काही दिवसांनी छातीत दुखणं, रक्तातल्या तपासण्या बिघडलेल्या. हृदयाच्या स्नायूचा दाह, म्हणजेच मायोकार्डायटिस, आणि लस यांचा संबंध तेव्हाच वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला होता.

तरीही कोविडच्या एमआरएनए लशी (विषाणूचं एक प्रथिन बनवण्याचा संदेश शरीराला देणाऱ्या, फायझर आणि मॉडर्ना या कंपन्यांच्या) आल्या तेव्हा या धोक्याची कल्पना सर्वसामान्यांना नव्हती. चाचण्यांतून तो कळणंही अवघड होतं. फायझरच्या मुख्य चाचणीत सुमारे ४४ हजार, तर मॉडर्नाच्या चाचणीत सुमारे ३० हजार माणसं होती आणि त्यांतल्या निम्म्यांनाच खरी लस मिळाली होती. १२ ते १५ वयोगटाच्या चाचणीत तर जेमतेम २,२६० मुलं. दहा-वीस हजारांत एखाद्याला होणारी गोष्ट एवढ्या छोट्या गर्दीत दिसेलच असं नाही.

ती दिसली इस्रायलमध्ये. तिथे २० डिसेंबर २०२० पासून फायझरची लस झपाट्याने दिली गेली आणि एप्रिल २०२१ पर्यंत तरुणांमधल्या हृदयदाहाच्या नोंदी आरोग्य मंत्रालयाच्या नजरेत भरल्या. जूनच्या सुरुवातीला मंत्रालयाने सांगितलं, की डिसेंबर ते मे या काळात २७५ रुग्ण नोंदले गेले, त्यांत १६ ते ३० वयाच्या पुरुषांचं प्रमाण जास्त आहे आणि दुसऱ्या डोसशी संबंध असण्याची शक्यता आहे. त्याच महिन्यात अमेरिकी लष्करातल्या डॉक्टरांनी २३ पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली. २५ जूनला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने दोन्ही एमआरएनए लशींच्या माहितीपत्रकात इशारा जोडला. जुलैत युरोपच्या औषध संस्थेनेही संबंध मान्य केला.

खरी गुंतागुंत इथून पुढची. ‘अत्यंत दुर्मीळ’ हे दोन शब्द सगळ्यांसाठी एकच वापरले गेले आणि माझ्या मते विश्वास तिथेच सर्वांत जास्त गेला. साठीतल्या बाईसाठी हा धोका नगण्य होता, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं गणित वेगळं होतं. अमेरिकेतल्या नोंदींवरून जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर १६-१७ वयाच्या मुलग्यांमध्ये दहा लाख डोसमागे सुमारे १०६ रुग्ण आढळले. १२ ते १५ वयाच्या मुलग्यांमध्ये सुमारे ७१. मुलींमध्ये प्रमाण कितीतरी कमी. सगळ्या वयांची सरासरी काढली की नेमकी हीच मुलं दिसेनाशी होतात.

मात्रेचाही हात होता. फायझरच्या डोसमध्ये ३० मायक्रोग्रॅम एमआरएनए, मॉडर्नाच्या डोसमध्ये १००. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडन आणि फिनलंडने तरुणांसाठी मॉडर्नाची लस थांबवली. स्वीडनमध्ये १९९१ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. दोन डोसमधलं अंतर वाढवलं की धोका कमी होतो, हेही पुढे कॅनडातल्या नोंदींतून स्पष्ट झालं. सुरुवातीला तीन-चार आठवड्यांचं असलेलं हे अंतर तरुण पुरुषांसाठी आठ आठवड्यांपर्यंत वाढवण्याची सूचना अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. ती आधी यायला हवी होती.

कोविडच्या संसर्गानेही हृदयदाह होतो आणि एकूण लोकसंख्येत तो लशीपेक्षा जास्त होतो, हे वारंवार सांगितलं गेलं आणि ते खरंच आहे. पण इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात चाळिशीच्या आतल्या पुरुषांचा हिशेब वेगळा काढला, तेव्हा मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतर दहा लाखांमागे ९७ जादा रुग्ण दिसले, संसर्गानंतर १६. फायझरच्या दुसऱ्या डोससाठी मात्र हाच आकडा सुमारे ११ होता. हे तिन्ही आकडे एकत्र सांगायला हवेत. लस-विरोधक पहिलाच उचलतात, तर समर्थक कित्येकदा तो गाळतात.

बहुतेक मुलं विश्रांती आणि वेदनाशामक औषधांवर काही दिवसांत रुग्णालयातून घरी गेली. हृदयावर ताण नको म्हणून त्यांना काही महिने मैदानापासून दूर ठेवलं गेलं. दाह नेमका का होतो, याचा शोध चालू आहे. जानेवारी २०२३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या रक्तात, प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) न बांधलेलं मोकळं स्पाइक प्रथिन, म्हणजे लशीच्या संदेशावरून शरीर बनवतं ते विषाणूचं प्रथिन, सापडल्याचं दाखवलं. इतरांनी प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी प्रतिसादाकडे बोट दाखवलं आहे. काही जणांच्या एमआरआयमध्ये महिन्यांनंतरही स्नायूला झालेल्या इजेच्या खुणा दिसल्या. जून २०२५ मध्ये एफडीएने १२ ते २४ वयाच्या पुरुषांचा उल्लेख करून इशारा विस्तारला, तेव्हा या खुणांची नोंदही माहितीपत्रकात आली. पुढे त्यांचं काय होतं, हे पाहण्यासाठी या मुलांचा पाठपुरावा अजून सुरू आहे.