आठ माणसं, १५०० वॅट

भाच्यानं पुण्याहून येताना टेबलावर ठेवायचं विजेचं ग्रिल आणलं आणि जानेवारीतल्या एका रविवारी सांगलीच्या आमच्या घरात सगळे त्याच्याभोवती बसलो. आठ माणसं, मधोमध काळी पाटी, कडेनं वाट्या: दह्या-मसाल्यात मुरवलेलं पनीर, मशरूम, सिमला मिरची, कांदा आणि कृष्णाकाठच्या वांग्याच्या चकत्या. पाटी तापली तसे सगळ्यांचे चिमटे एकदमच चालू झाले. दोन मिनिटांत बोट ठेवायला जागा उरली नाही. पंधरा मिनिटांनी बघतो तर पनीर फिकट, मशरूम मलूल, आणि सगळा ऐवज स्वतःच्याच पाण्यात बसलेला. आई म्हणाली, "अरे, हे भाजलंय कुठं? कालवण झालंय हे, नुसता रस्सा घालायचा राहिलाय."

आईचं निदान अचूक होतं. चूक मसाल्याची नव्हती, हिशेबाची होती.

ग्रिलच्या बुडाशी १५०० वॅट लिहिलेलं होतं. म्हणजे सेकंदाला १५०० ज्यूल उष्णता. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३१५ ज्यूल पुरतात, पण त्याच उकळत्या ग्रॅमची वाफ करायला आणखी जवळजवळ २२६० लागतात, सातपट. तापवणं स्वस्त, वाफ महाग. सगळी उष्णता वाफेलाच मिळाली असं धरलं तरी हे ग्रिल मिनिटाला ४० ग्रॅम पाणी उडवेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते. निम्मी कामी आली तर २० ग्रॅम, चार चमचे. आता मशरूममध्ये आणि वांग्यात दहातले नऊ भाग पाणी, पनीरमध्येही निम्म्याच्या आसपास. पाटीवरच्या किलोभर जिनसांतून पाव किलो पाणी सुटलं, तर ते उडवण्यातच बारा-तेरा मिनिटं गेली. एवढं सगळं आधी तापायला लागणारी मिनिटं वेगळीच.

आणि पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर सरकत नाही. सांगलीच्या उंचीवर तर ९८च्या आसपासच थांबतो. खमंगपणा सुरू होतो त्याच्या बराच वर. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापली की तपकिरी रंग आणि शेकडो वासांची द्रव्यं तयार होतात. या अभिक्रियेचं वर्णन फ्रान्सच्या लुई कामिय मायार यांनी १९१२ साली केलं. ही मायार अभिक्रिया साधारण १४० अंशांना चांगला वेग घेते. कमी तापमानालाही ती चालते, पण वेळ घेऊन. साताऱ्याचा कंदी पेढा हे तिचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण. खवा भाजत राहिला की त्यातलं पाणी जातं, दुधातली साखर आणि दुधातलीच प्रथिनं एकमेकांना भिडतात, आणि पांढऱ्या खव्याचा खरपूस, तांबूस पेढा होतो. पेढेवाला कढईपुढून हलत नाही, कारण पाणी संपल्यावर रंग येणं आणि करपणं यांत फार अंतर नसतं.

आमच्या पाटीचंही थोडं चुकलंच. ती पातळ अॅल्युमिनियमची होती. ग्रॅमला ग्रॅम तोलला तर अॅल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट उष्णता साठवतो, हे ऐकून भाचा खूश झाला. पण घरातला बिडाचा तवा दोन-तीन किलोंचा आहे आणि ती पाटी हातात घेतली तर पत्रावळीसारखी. थंडगार पनीर टाकल्यावर जड तवा आपल्या शिलकीतून उष्णता देत राहतो. पातळ पाटीची शिल्लक पहिल्या चार तुकड्यांतच संपते. तवा तापलाय का, हे बघायला आई पाण्याचा शिंतोडा मारते. नुसता चर्र आवाज होऊन पाणी आटलं, तर अजून वेळ आहे. थेंब गोळी होऊन नाचत पळाला, तर तापमान २००च्या आसपास गेलंय. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तिच्यावर तो तरंगतो. योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरांनी हे १७५६ साली लिहून ठेवलं.

पनीर वितळत कसं नाही, हा प्रश्न धाकट्या भाचीचा. स्वित्झर्लंडमधलं राक्लेट नावाचं जेवण वितळलेल्या चीजवरच उभं आहे, मग पनीरनं काय घोडं मारलंय? नेहमीच्या चीजमध्ये केसिन या प्रथिनाची जाळी कॅल्शियमनं बांधलेली असते. ताप लागला की ती सैल होऊन वाहते. पनीर करताना आपण गरम दुधात लिंबू पिळतो. आम्लानं कॅल्शियम निघून जातं, तापलेल्या दुधातली इतर प्रथिनं केसिनला चिकटतात, आणि मग तापवलं की जाळी वाहण्याऐवजी आणखी आवळते, पाणी पिळून टाकते. जास्त भाजलेलं पनीर रबरासारखं लागतं ते म्हणूनच.

वांग्याची गोष्ट उलटी. त्याचा गर स्पंजासारखा, हवेच्या पोकळ्यांनी भरलेला. तेल लावलं की गडप, आणखी लावलं की तेही गडप. चकत्यांना आधी मीठ लावून अर्धा तास ठेवलं, सुटलेलं पाणी टिपून घेतलं, की पोकळ्या बसतात आणि तेल कमी लागतं. घाण्याचं शेंगतेल मात्र जपून, ते साधारण १६० अंशांनाच धूर धरतं.

एवढ्यात एक्स्टेंशन बोर्डाचा वास आला. १५०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि बोर्ड होता सहाचा. अशी उपकरणं सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायची, हे मला माहीत होतं. टेबल सॉकेटपासून लांब होतं, एवढाच माझा बचाव.

ग्रिल बंद झाल्यावर कुणीतरी म्हणालं, कोळशाची शेगडीच आणू की आत. ते मात्र मी होऊ दिलं नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. कोरियात, जपानात टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांवर मांस भाजून खातात, पण तिथं अशा खाणावळींत धूर आणि वायू ओढून घ्यायची सोय असते. आपल्या जेवणघरात एक खिडकी, तीही थंडीत बंद.

आपली आगटी उघड्या रानात असते. जत, आटपाडीकडं थंडीत हुरड्याला गेलात तर बघा: गोवऱ्यांच्या आरात एका वेळी चार-पाच कणसं, ती निघाली की हातावर चोळायची, मूठभर दाणे, लसणाची चटणी, आणि पुढची कणसं होईपर्यंत गप्पा. पंधरा जण बसले म्हणून आगटीत पन्नास कणसं कुणी कोंबत नाही. कोंबली तर आर विझेल, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक असतं.

पुढच्या रविवारी टेबल मोठ्या सॉकेटजवळ सरकवलं. पनीर फडक्यानं टिपून घेतलं, पाटीवर एका वेळी आठच तुकडे, मधे बोटभर अंतर. चार मिनिटांत कडा तांबूस झाल्या. मशरूमची पाळी शेवटी. ती यायला पाऊण तास लागला, आणि तेवढ्यात आईनं दोनदा विचारलं, "मी आपली भाकरी टाकू का?"