हुक निकामी झाला तर: विमानवाहू नौकेवरील जाळ्याचा सराव

विमानवाहू नौकेवर उतरणारे लढाऊ विमान शेपटाखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकवते आणि सुमारे 100 मीटरांत थांबते. चाके टेकताच वैमानिक इंजिन मंद करत नाही, उलट पूर्ण जोर लावतो. कारण हुकाला तार सापडली नाही, तर त्याच वेगाने पुन्हा आकाशात झेपावता यायला हवे. पण हुकच मोडला असेल किंवा एखादे चाक बाहेर येत नसेल, आणि जमिनीवरचा तळ गाठण्याइतके इंधन उरले नसेल, तर डेकवर नायलॉनच्या पट्ट्यांचे जाळे उभारून विमान त्यात अडवावे लागते.

दुसऱ्या महायुद्धातील सरळ डेकच्या नौकांवर अडथळा रोजच्या उतरण्यातच उभा असे, कारण पुढच्या भागात इतर विमाने दाटीने उभी असत. 1950च्या दशकात ब्रिटिशांच्या कल्पनेतून तिरकी धावपट्टी आली, तार चुकलेल्या विमानापुढे मोकळा समुद्र राहू लागला आणि जाळे क्वचित वापरायची वस्तू झाले. माझ्या मते सरावाची खरी निकड इथूनच वाढली, कारण क्वचित करायचे काम घाईच्या वेळी आठवून करता येत नाही.

सरावात डेकवरचे पथक गुंडाळून ठेवलेले जड जाळे धावपट्टीच्या रुंदीभर ओढत नेते, दोन्ही कडांच्या खांबांना जोडते आणि खांब उभे केले जातात. हे काही मिनिटांतच उरकावे लागते, कारण वर घिरट्या घालणाऱ्या विमानातील इंधन संपत चाललेले असते. नौकेच्या सापेक्ष ताशी 200 किलोमीटर वेगाने येणाऱ्या 20 टनांच्या विमानात सुमारे 3 कोटी ज्यूल गतिज ऊर्जा असते. ती एकट्या जाळ्याने पेलणे शक्य नसल्याने जाळे डेकखालच्या हायड्रॉलिक यंत्रणेला जोडलेले असते आणि ऊर्जा तिथे शोषली जाते. म्हणून एखादी जोडणी सैल राहिली, तर विमान वाकडे ओढले जाण्याचा धोका असतो.

वैमानिकाला मात्र हा सराव खऱ्या विमानाने करून पाहता येत नाही, कारण जाळ्यात विमानाचे नुकसान जवळपास ठरलेलेच असते. त्याला अंगवळणी पडलेल्या सवयीविरुद्धही वागावे लागते: डेकच्या कडेला उभे राहून उतरणाऱ्या वैमानिकाला सूचना देणाऱ्या लँडिंग सिग्नल ऑफिसरचा ‘कट’ हा आदेश येताच इंजिन बंद करायचे, कारण आता पुन्हा उडण्याची वाट जाळ्यानेच अडवलेली असते.

विमान थांबल्यावर इंधन पेटू शकते, म्हणून फेसाच्या नळ्या आणि उष्णतारोधक पोशाखातील बचाव पथक आधीच सज्ज ठेवतात. 29 जुलै 1967 रोजी अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ नौकेवर डेकवर आग भडकली. तिचा विमान उतरण्याशी संबंध नव्हता, पण तिने दिलेला धडा इथेही लागू पडतो. आगीत तापलेल्या बॉम्बच्या पहिल्याच स्फोटात प्रशिक्षित अग्निशामक मोठ्या संख्येने मारले गेले, आणि त्यांच्या जागी धावलेल्या काही अप्रशिक्षित खलाशांच्या पाण्याच्या माऱ्याने आग दाबणारा फेसच वाहून गेला. त्या दुर्घटनेत 134 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकी नौदलाने आग विझवण्याचे प्रशिक्षण ठरावीक पथकापुरते न ठेवता सर्वच नौसैनिकांना देण्यावर भर दिला.