सापाता उभा राहिला तो कशाच्या बळावर?

मेक्सिकोच्या क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो सापाता उपाशी घरातला नव्हता. त्याच्याकडे थोडी शेती होती, खेचरं होती आणि घोडे शिकवण्यात त्याचा हातखंडा होता. त्याच्या मोरेलोस राज्यात खरे कंगाल होते ते हसिएंदांवर, म्हणजे बड्या ऊसमळ्यांवर राहणारे मजूर. तरीही बंडाला माणसं मिळाली ती मुख्यतः स्वतंत्र खेड्यांतून. ज्यांच्याकडे काही होतं आणि ते डोळ्यांदेखत जात होतं, ते उठले. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण नुसत्या गरिबीतून क्रांती होते हा समज इथे टिकत नाही.

1881 मध्ये रेल्वे मोरेलोसमधल्या कुआउत्ला शहरापर्यंत आली. अवजड यंत्रं आणणं आणि साखर बाहेर धाडणं सोपं झालं. नव्या यंत्रांना पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ऊस लागे; त्यासाठी जमीन हवी, पाणी हवं, आणि दोन्ही खेड्यांकडे होतं. 1856 च्या कायद्याने सामाईक मालकीचा आधारच काढून घेतल्यामुळे गावांची बाजू कोर्टात लंगडी पडे. 1876 पासून सत्तेवर असलेल्या पोर्फिरिओ दिआसची राजवट मळेवाल्यांच्या पाठीशी होती. 1909 मध्ये तर मळेमालक एस्कान्दोनच राज्याचा गव्हर्नर झाला.

त्याच वर्षी सापाताच्या आनेनेकुइल्को गावातल्या थकलेल्या पंचांनी कारभार तिशीतल्या सापाताकडे सोपवला, सोबत जमिनीचे जुने कागदही दिले. काही मजकूर नहुआत्ल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला होता. शेजारच्या हसिएंदाने गावाची जमीन बळकावून दुसऱ्या गावाला कसायला दिली, तेव्हा 1910 मध्ये सापाता सुमारे 80 हत्यारबंद माणसं घेऊन शेतावर गेला. तिथल्यांना त्याने शांतपणे परत पाठवलं आणि जमीन आपल्या लोकांत वाटली.

एरवी हे बंड सहज चिरडलं गेलं असतं. पण वरच फूट पडली होती. श्रीमंत जमीनदार घराण्यातल्या मादेरोने दिआसला आव्हान दिलं, आणि त्याच्या जाहीरनाम्यात बळकावलेल्या जमिनी परत करण्याचं आश्वासन होतं. मोरेलोसने तेवढंच कलम उचललं. मे 1911 मध्ये दिआस पायउतार झाला. मादेरो मात्र आधी शस्त्रं खाली ठेवा, जमिनीचं नंतर बघू, असं म्हणू लागला. नोव्हेंबरमध्ये सापाताच्या माणसांनी आयालाचा जाहीरनामा काढला: ज्या गावांकडे सनदा आहेत त्यांनी ताबा आत्ताच घ्यावा, हक्क सांगायचा असेल तर क्रांती जिंकल्यावर मळेवाल्यांनी न्यायालयात यावं.